फुकटच्या खेळांची कमाई : एका जाहिरात-जाळ्याची भरती आणि ओहोटी

वाचकहो, आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतून हल्ली एक नवीन प्रकारचे उत्पन्न येऊ लागले आहे. मुलगा रोब्लॉक्सवर खेळ तयार करतो, मुलगी यूट्यूबवर चित्रफिती टाकते, एखादे गृहस्थ नोकरी सांभाळून फोनसाठी छोटे ॲप लिहितात, आणि महिन्याच्या शेवटी जाहिरातींचे काही डॉलर जमा होतात. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण हे पैसे नेमके कोठून येतात, कोणाच्या हातून येतात आणि केव्हा थांबू शकतात, याचा विचार घरात क्वचितच होतो. चालू धंद्याचा निवाडा आज करता येत नाही. संपलेल्या धंद्याचा मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हिशेब पाहता येतो. म्हणून या वेळी सॅन फ्रान्सिस्को येथील ‘मोची मीडिया’ या कंपनीची हकीकत सांगत आहे. २००५ साली ती सुरू झाली आणि २०१४ साली बंद पडली. मधल्या नऊ वर्षांत जगभरातील हजारो खेळकर्त्यांना तिने पैसे मिळवून दिले.

फ्लॅशचे खेळ म्हणजे काय?

ज्यांची मुले २००० ते २०१० या काळात शाळेत होती, त्यांना हे खेळ आठवतील. संगणकावर इंटरनेट उघडायचे, एखाद्या साइटवर जायचे, आणि काहीही विकत न घेता खेळायला लागायचे. फुगे फोडणे, गाड्या पळवणे, बुरुज उभारून शत्रू अडवणे असे ते छोटे खेळ असत. बहुतेक सगळे ‘फ्लॅश’ नावाच्या तंत्रावर चालत. हे तंत्र मॅक्रोमीडिया कंपनीचे होते. २००५ मध्ये अडोबी कंपनीने मॅक्रोमीडिया विकत घेतली, तेव्हा फ्लॅशही तिच्याकडे गेले. घरोघरीच्या बहुतेक संगणकांवर फ्लॅश आधीपासून बसवलेले असे, त्यामुळे खेळणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नसे.

खेळ बनवणारे बहुधा एकटे-दुकटे तरुण असत. कोणी विद्यार्थी, कोणी रात्री जागून काम करणारा नोकरदार. एक खेळ एकाच फाइलमध्ये मावत असल्यामुळे ती फाइल कोणीही उचलून आपल्या साइटवर लावू शकत असे, आणि लोक तसे सर्रास करीत. आज खेळ एका साइटवर टाकला, की आठवडाभरात तो शेकडो ठिकाणी दिसे. खेळ खेळला जाई, साइटवाल्यांना गर्दी मिळे, आणि ज्याने तो बनवला त्याच्या हाती काही पडत नसे. फार तर न्यूग्राउंड्स, मिनिक्लिप, आर्मर गेम्स यांच्यासारखी एखादी मोठी साइट आपले बोधचिन्ह खेळात घालण्याबद्दल एकरकमी पैसे देई. त्यानंतर तो खेळ कितीही चालला तरी त्यात बनवणाऱ्याचा वाटा नसे.

बाजारात आला अडत्या

आपल्याकडच्या मार्केट यार्डाचे उदाहरण घेऊ. शेतकरी माल पिकवतो, पण प्रत्येक गिऱ्हाईक शोधणे त्याला शक्य नसते. मधे अडत्या असतो. तो गिऱ्हाईक आणतो, माल विकतो, आपली अडत कापून घेतो आणि उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हातात देतो. जेमसन शू आणि बॉब इप्पोलितो या दोघांनी २००५ मध्ये स्थापन केलेली मोची मीडिया ही फ्लॅश-खेळांच्या बाजारातली अशीच अडत्याची पेढी झाली.

त्यांची मुख्य युक्ती अशी होती. खेळाची फाइल उतरायला काही सेकंद लागत, आणि तोवर खेळणारा रिकामा पडदा पाहत बसे. तेवढ्या वेळात जाहिरात दाखवायची. बनवणाऱ्याने मोचीने दिलेला काही ओळींचा मजकूर आपल्या खेळाच्या आत घालायचा, एवढेच त्याचे काम. खेळ उघडला की तो मजकूर मोचीच्या यंत्राकडे विचारणा करी, तिकडून जाहिरात येई, आणि तिची नोंद त्या खेळकर्त्याच्या खात्यावर होई.

यात मोठी गंमत अशी, की जाहिरात साइटवर नसून खेळाच्या पोटात होती. पूर्वी कोणी न विचारता खेळ उचलून नेला तर ती चोरी वाटे. आता उचलून नेणाऱ्याच्या साइटवरही तीच जाहिरात दिसे आणि पैसे बनवणाऱ्यालाच मिळत. जितक्या जास्त ठिकाणी खेळ पसरेल तितके चांगले. कालपर्यंत ज्याला नुकसान म्हणत होते, तेच विक्रीचे साधन झाले. पुढे साइटवाल्यांनाही थोडा वाटा देण्याची व्यवस्था झाली, म्हणजे ते आपणहून असे खेळ शोधून लावू लागले. त्याशिवाय गुणांची यादी ठेवणे, खेळ किती वेळा आणि कोणत्या देशात खेळला गेला ते मोजणे, एकदा पसरलेल्या खेळात नंतर दूर बसून दुरुस्ती करणे, अशा सोयी मोचीने दिल्या. या सोयींचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

पट्टी कशी निघते?

जाहिरातीचा दर हजारावर ठरतो. हजार वेळा जाहिरात दाखवली की ठरावीक रक्कम. हा दर सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेतला प्रेक्षक जाहिरातदाराला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून त्याचा दर चढा. वर्षाच्या शेवटी नाताळच्या खरेदीसाठी जाहिरातींचा पाऊस पडतो, आणि जानेवारीत दर खाली येतात.

आता समजा, एखाद्या खेळकर्त्याच्या हाती हजारामागे ५० सेंट पडतात. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) त्याचे सगळे खेळ मिळून महिन्याला ६० लाख वेळा उघडले गेले, तर त्याला ३,००० डॉलर मिळतील. एकट्या तरुणाला यात घरभाडे भागवून राहता येईल, आणि काही जणांनी खरोखरच नोकऱ्या सोडून हेच काम धरले.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. दर ५० सेंटवरून २५ सेंटवर आला, तर ३,००० चे १,५०० होतात. त्याच वेळी खेळणारेही निम्म्यावर आले, तर १,५०० चे ७५० होतात. दोन्ही गोष्टी निम्म्याने घटल्या आणि उत्पन्न मात्र चौथ्या हिश्शावर आले. या दोन आकड्यांचा गुणाकार होतो. चढत्या काळात त्याने उत्पन्न झपाट्याने वाढते, आणि उतरत्या काळात तितक्याच वेगाने कोसळते. जाहिरातीवर जगणाऱ्या प्रत्येक धंद्याला हे लागू आहे.

भरतीचे दिवस

मोचीला ॲक्सेल आणि शास्ता या गुंतवणूक-संस्थांचे भांडवल मिळाले. ऑक्टोबर २००८ मध्ये खुद्द गूगलने खेळांतल्या जाहिरातींसाठी अशीच योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, यावरून या बाजारात पैसा आहे हे मोठ्यांनाही पटले होते असे दिसते. त्यानंतर मोचीने ‘मोची कॉइन्स’ नावाचे आभासी नाणे आणले, म्हणजे खेळणाऱ्याने खेळाच्या आत थोडे पैसे देऊन शस्त्रे किंवा नवे टप्पे विकत घ्यावेत.

११ जानेवारी २०१० रोजी शांडा गेम्स या चिनी कंपनीने मोची मीडिया ८ कोटी डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्यातले सुमारे ६ कोटी रोख आणि २ कोटी समभागांच्या रूपात होते. शांडा गेम्स आदल्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारात उतरली होती. त्या वेळी कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार मोचीच्या जाळ्यात १५,००० हून अधिक खेळ आणि जवळजवळ ४०,००० साइट होत्या, आणि महिन्याला १४ कोटींवर लोक ते खेळ खेळत होते. त्याच वर्षी खेळकर्त्यांना मदत म्हणून १ कोटी डॉलरचा निधीही जाहीर झाला. बाहेरून पाहणाऱ्याला यापेक्षा सुरक्षित पेढी कोणती वाटली असती?

ओहोटी कोठून सुरू झाली?

सौदा जाहीर झाल्यावर अवघ्या सोळा दिवसांनी, २७ जानेवारी २०१० रोजी, ॲपल कंपनीने आयपॅड जगापुढे आणला. त्यावर फ्लॅश चालत नव्हते. २००७ साली आलेल्या आयफोनवरही ते चालत नव्हते, पण पुढे कधीतरी चालेल अशी आशा लोकांना होती. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी खुले पत्र लिहून ती आशा संपवली. फ्लॅश बंदिस्त आहे, सुरक्षित नाही, बॅटरी खाते आणि बोटाने चालवायच्या पडद्यासाठी ते बनलेलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीनेच फोनवरच्या ब्राऊझरसाठी फ्लॅश वाढवण्याचे काम थांबवले.

हे एक कारण झाले. दुसरे असे, की खेळणारेच दुसरीकडे निघून गेले. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप-दुकान उघडले होते, आणि जून २००९ मध्ये झिंगा कंपनीचा ‘फार्मव्हिल’ फेसबुकवर आला होता. पाच-दहा मिनिटांच्या विरंगुळ्यासाठी जो माणूस पूर्वी संगणकावर फ्लॅशचा खेळ उघडी, तो आता खिशातला फोन काढू लागला. खेळणारे गेले तसे जाहिरातदार त्यांच्यामागे गेले. वर सांगितलेल्या गुणाकारातले दोन्ही आकडे एकदमच घसरू लागले.

तिसरे कारण मालकाचे. शांडाचा मुख्य धंदा चीनमधल्या मोठ्या ऑनलाइन खेळांचा होता. अमेरिकेतली ही पेढी तिच्या मोठ्या हिशेबातली एक छोटी रक्कम होती. छोट्या रकमेला वाढ नसेल, तर मालक ती किती दिवस पुस्तकात ठेवील? यात मालकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. धंद्याचा हा नेहमीचा व्यवहार आहे. पण ज्यांची उपजीविका त्या छोट्या रकमेवर होती, त्यांचा या निर्णयात काहीही आवाज नव्हता.

३१ मार्च २०१४

मार्च २०१४ मध्ये मोचीच्या खेळकर्त्यांना कळवण्यात आले, की शांडाने कंपनी विसर्जित करण्याचे ठरवले असून ३१ मार्चपासून सर्व सेवा बंद होतील. ८ कोटी डॉलरच्या सौद्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे होत होती.

आता मोचीच्या त्या सोयी आठवाव्यात. जाहिरातीचा मजकूर हजारो साइटवर पसरलेल्या खेळांच्या पोटात होता. ज्या गुणामुळे चोरीतूनही कमाई होई, तोच गुण आता उलटला. पसरलेल्या सगळ्या प्रती परत गोळा करून दुसऱ्या अडत्याचा मजकूर त्यांत घालणे कोणाला शक्य होते? खेळ पूर्वीसारखेच खेळले जात राहिले, पण विचारणा ज्या यंत्राकडे जाई ते यंत्रच राहिले नव्हते. गुणांच्या याद्या रिकाम्या झाल्या. आणि ज्यांनी दूर बसून दुरुस्ती करण्याची सोय घेतली होती, त्यांचा त्याहून मोठा घात झाला. त्या सोयीत बाहेर पसरलेली फाइल हे केवळ टरफल असे; आतला खरा खेळ मोचीच्या यंत्रावरून येई. यंत्र बंद होताच अशा प्रती निरुपयोगी झाल्या.

मागे काय उरले?

पुढे फ्लॅशचाही शेवट झाला. जुलै २०१७ मध्ये अडोबीने तशी सूचना दिली, ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशचा मजकूर चालणेच रोखले. २०१८ साली सुरू झालेल्या ‘फ्लॅशपॉइंट’ या उपक्रमातील स्वयंसेवकांनी आणि ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने पुष्कळ खेळ जतन करून ठेवले आहेत, त्यामुळे ते आजही खेळता येतात. मात्र त्यातून मूळ खेळकर्त्याला जाहिरातीचे उत्पन्न मिळत नाही.

या पडझडीत जे तरले, त्यांच्याकडे पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडच्या निंजा किवी या कंपनीचा ‘ब्लून्स’ हा फुगे फोडण्याचा खेळ २००७ मध्ये फ्लॅशवर आला. खेळाचे नाव, कल्पना आणि चित्रे कंपनीच्या स्वतःच्या मालकीची होती. तिने तो फोनवर नेला आणि तेथे तो आणखी वाढला. २०२१ मध्ये स्वीडनच्या एम.टी.जी. समूहाने ती कंपनीच विकत घेतली. ॲडम सॉल्ट्समन यांचा ‘कॅनाबाल्ट’ २००९ मध्ये फ्लॅशवर आला आणि त्याच वर्षी आयफोनवरही गेला. या दोघांनी अडत्या बदलला, बाजारही बदलला, पण बियाणे स्वतःजवळ राखले होते.

आपल्या घरासाठी काही सूचना

रोब्लॉक्स, यूट्यूब किंवा ॲपची दुकाने उद्या बंद पडतील असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण अडत्याच्या भरवशावरचे उत्पन्न कसे हाताळावे, याचे धडे वरच्या हकीकतीत आहेत. ते अमेरिकेतील आपल्या परिस्थितीला जोडून देत आहे.

१. खात्यावर दिसणारी रक्कम म्हणजे बँकेतली रक्कम नव्हे. जाहिरात-कंपनीच्या पानावर दिसणारी शिल्लक हे तिच्याकडे असलेले आपले येणे असते. बँकेच्या ठेवीला एफ.डी.आय.सी.चे संरक्षण असते, तसे या येण्याला नसते. म्हणून पैसे काढण्याची किमान मर्यादा गाठली की लगेच काढून घ्यावेत, साठवत बसू नये.

२. मूळ फाइली, नाव आणि गिऱ्हाइकांची यादी स्वतःजवळ ठेवावी. खेळाचा मूळ मजकूर, चित्रे आणि आवाज यांची प्रत घरच्या डिस्कवर असावी. सही करण्याआधी करारात मालकी कोणाची लिहिली आहे ते वाचावे.

३. वाढीच्या वर्षावरून खर्च ठरवू नये. या उत्पन्नाच्या भरवशावर घराचे कर्ज किंवा गाडीचा हप्ता घेण्याआधी वरचा गुणाकार करून पाहावा : दर निम्मा आणि गर्दी निम्मी झाली तर हप्ता भरता येईल का? नोकरी सोडण्याचा विचार असेल, तर किमान वर्षभराचा घरखर्च आणि आरोग्य-विम्याचे पैसे बाजूला असावेत. नोकरीबरोबर विमाही जातो, हे येथे विसरून चालत नाही.

४. कर भरावा लागतो, मूल लहान असले तरी. स्वतःच्या धंद्याचे खर्च वजा जाता उत्पन्न वर्षाला ४०० डॉलर किंवा अधिक झाले, तर विवरणपत्र भरावे लागते आणि स्वयंरोजगाराचा कर द्यावा लागतो. त्याचा दर १५.३ टक्के आहे आणि तो निव्वळ उत्पन्नाच्या ९२.३५ टक्क्यांवर लागतो. मुलाचे उत्पन्न कमी असल्यामुळे प्राप्तिकर शून्य आला, तरी हा कर सुटत नाही. १०९९ फॉर्म आला नाही म्हणजे उत्पन्न दाखवायचे नाही, ही समजूत चुकीची आहे. रक्कम मोठी असेल तर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांत अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो.

५. मुलाच्या कमाईचा चांगला उपयोग करावा. मूल स्वतः कमावत असेल, तर त्या कमाईइतकी रक्कम, त्या वर्षीच्या कायदेशीर मर्यादेत, त्याच्या नावे पालकांच्या देखरेखीखाली रॉथ आय.आर.ए. खात्यात ठेवता येते. पंधराव्या वर्षी ठेवलेल्या पैशाला वाढायला पन्नास वर्षे मिळतात. खेळ उद्या बंद पडला तरी ही पुंजी राहते.

६. व्हिसाचा विचार आधी करावा. आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबे एच-१ व्हिसावर आहेत. त्या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याच कामाची परवानगी असते. एच-४ व्हिसावरील मुलांना काम करण्याची परवानगी नसते, आणि जोडीदारांपैकी काहींनाच ती वेगळा अर्ज करून मिळते. जाहिरातीचे वीस डॉलर म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ग्रीन कार्डाच्या अर्जात तो पुढे येऊ शकतो. पैसे सुरू होण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे.

शेवटी मुलांविषयी एक शब्द. मोचीचे संस्थापक बॉब इप्पोलितो यांनी कंपनीच्या कामासाठी ‘मोचीवेब’ नावाचे एक साधन लिहिले होते आणि ते सर्वांना खुले ठेवले होते. ‘काउचडीबी’सारख्या नामवंत प्रकल्पाने ते वापरले. अडत्याची पेढी बुडाली, पण तिच्या मागच्या खोलीतली ती विद्या उपयोगी पडत राहिली. आपल्या मुलांचेही तसेच आहे. रात्र जागून खेळ बनवताना ती जे शिकतात, ते कोणतीही कंपनी ३१ मार्चला बंद करू शकत नाही. तेव्हा त्यांना बनवू द्यावे, शिकू द्यावे, कमावूही द्यावे. घरातल्या मोठ्यांनी एवढेच पाहावे, की पट्टी वेळेवर वटते आहे आणि बियाणे घरात आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष निर्णय घेण्यापूर्वी आपल्या सी.पी.ए.चा किंवा वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.)